आप्पा अजून घरी पोचले नाहीत

आमच्या दारामागे, छत्रीच्या खुंटीवर, बटाट्याएवढा एक दिवा आहे. पळसगड नगरपालिकेने तो ज्यांनी अर्ज केला त्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या घरी बसवून दिला. माणूस फिरायला बाहेर पडला की दिवा पिवळा होतो, घरी परतला की हिरवा. आमचा दिवा आप्पा गेले त्या सकाळपासून कितीतरी दिवस पिवळाच होता.

आप्पा म्हणजे माझे यजमान, दिनकर बर्गे. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म लोकांना फलाट दाखवण्यात गेला, त्यामुळे कुठली गाडी कुठे उभी राहावी याबद्दल त्यांची मतं देवाच्या मतांपेक्षा पक्की होती. निवृत्तीनंतर स्टँड सुटला, मतं सुटली नाहीत. फुटपाथवर गाडी दिसली की ते काठीने तिच्या बॉनेटवर टकटक करायचे. सायकलवाला दिसला की मधोमध उभे राहायचे. शेजारचे भाऊसाहेब मुळीक आपल्या गाडीची जागा धरून ठेवायला दारासमोर एक गुळगुळीत दगड ठेवतात. आप्पा रोज तो पायाने ढकलून गटाराकडे नेत, मुळीक रोज परत आणून ठेवत. दोघांचं वैर असं नव्हतं. दोघांनाही व्यायाम व्हायचा, एवढंच.

मग गावात वाटराखी आली.

हे काय प्रकरण आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नव्या फुटपाथच्या प्रत्येक ब्लॉकखाली एक पातळ चकती असते. तिच्यावर दाब पडला की जराशी वीज तयार होते. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की ठिणगी पडते ना, तेच तत्त्व. टाच किती जोरात पडली, वजन चवड्यावर यायला किती वेळ लागला, दुसरा पाय कुठे पडला, हे सगळं त्या विजेच्या चढउतारावरून कळतं. दोन माणसांचं अक्षर सारखं नसतं तशी चालही नसते. आठ-पंधरा दिवसांत फुटपाथ माणसाला ओळखायला लागतो. मग अर्ज केलेला एखादा म्हातारा चालू लागला की त्याच्या पुढचे ब्लॉक केशरी उजळत जातात आणि फुटपाथवर चढायच्या उतारांवर रबरी खुंट वर येतात. सायकल चढत नाही, गाडी चढत नाही. म्हातारा पुढे गेला की खुंट खाली.

आप्पांची चाल फुटपाथने सगळ्यात आधी शिकून घेतली असणार. उजवा पाय ठक्कन पडायचा आणि डावा सर्रकन ओढला जायचा. ठक, सर्र. ठक, सर्र. खाली टायरच्या तळाच्या जाड चपला. मी स्वयंपाकघरात असले तरी त्या आवाजावरून चहा गॅसवर ठेवायची.

पण वाटराखी ज्या लोकांनी बनवली त्यांना आपली म्हातारी माणसं ठाऊक नव्हती. त्यांना वाटलं, माणूस फिरायला निघाला म्हणजे चालत राहणार. आमच्याकडे फिरायला जाणं म्हणजे पोस्टासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसणं. पाय हलेनासे झाले की यंत्राला वाटायचं माणूस गेला निघून. ते वाट मिटवून टाकायचं. मग गप्पा आटपून उठलेले जंगमदादा, ज्यांना धड दिसतही नाही, अंधारलेल्या फुटपाथवर सायकलींच्या तोंडी सापडायचे. आप्पांनी नगरपालिका डोक्यावर घेतली. "माणूस कट्ट्यावर बसला म्हणजे मेला का? तो घरी पोचेपर्यंत वाट राखायची! मग त्याला दुपार होऊ दे नाहीतर दुसरा दिवस उजाडू दे." शेवटी इंजिनिअरने तसा नियम घातला. आप्पांनी पेढे वाटले होते.

त्यांच्या त्या नियमानेच पुढे सगळं झालं.

उसाचा हंगाम नुकताच लागला होता. हंगामात आमच्या मेन रोडवरून कारखान्याच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात. ट्रॅक्टर विजेवर चालायला लागल्यापासून त्यांचा आवाजही येत नाही. मागून नुसती पाचटाची सळसळ येते, आणि ती ऐकू येईपर्यंत ऊस तुमच्या खांद्याला लागलेला असतो. त्या सकाळी वैजयंता शेलार सायकलवरून दवाखान्यात निघाली होती. ती तिथे सिस्टर आहे. टेलिफोनच्या जुन्या कचेरीपाशी ट्रॉली तिच्या अंगावर आली. उतारांवर खुंट उभे होते, म्हणून तिने सायकल मधूनच, कडेवरून फुटपाथवर चढवली. आप्पा समोरून घरी येत होते. ते अर्थातच बाजूला झाले नाहीत.

डोकं आपटलं. लोक धावले, त्यांना उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

उचललेल्या माणसाचं पाऊल जमिनीवर पडत नाही. फुटपाथच्या लेखी आप्पा टेलिफोन कचेरीपाशी थांबलेत. कोणीतरी भेटलं असेल, गप्पा मारत असतील. घरी पोचलेले नाहीत, म्हणजे यायचेत.

सुतकाच्या दिवसांत मी सडा घालायला बाहेर आलेच नव्हते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाट उलटल्यावर दार उघडलं आणि माझ्या हातातला सडा तसाच राहिला. टेलिफोन कचेरीपासून फुटपाथ उजळत येत होता. एक ब्लॉक लख्ख, पुढचा मंद. एक लख्ख, एक मंद. त्यांच्या चालीने. कट्ट्यापाशी उजेड थांबला, चांगल्या निवांत गप्पा होतील इतका वेळ थांबला, मग पुन्हा निघाला. मुळिकांच्या दारावरून पुढे आला. आमच्या दारासमोरचा शेवटचा ब्लॉक उजळला आणि तसाच राहिला.

त्यावर कोणीही नव्हतं.

मी काय केलं सांगू? मी आत जाऊन चहा ठेवला.

त्यानंतर रोज तेच. नगरपालिकेचा इंजिनिअर निनाद कुलथे घरी येऊन समजावून गेला. पोरगा गुणी, पण कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत लाजणारा. "काकू, मध्ये हातगाड्या, गाड्या उभ्या असतात, तिथले ब्लॉक गप्प होतात. म्हणून आम्ही त्याला अंदाज करायला शिकवलंय. पाऊल कळलं नाही तरी माणूस आपल्या चालीने येतोय असं ते धरतं. काका रोज ज्या वेळेला यायचे त्या वेळेला ते वाट राखतं. काका पोचत नाहीत. मग ते दुसऱ्या दिवशी पुन्हा राखतं."

"मग राखू दे की," मी म्हटलं.

"खुंट वर येतात ना, काकू. सगळ्या सायकली खाली रस्त्यावर जातात. हंगाम आहे."

मला सायकलवाल्यांची दया येत नव्हती. खरं तेच सांगते. खुंट वर आले आणि सायकली मुकाट्याने खाली उतरल्या की मला आतून बरं वाटायचं. वैजयंता त्याच वेळेला जायची. खुंटापाशी आली की उतरायची, उजळलेल्या फुटपाथकडे बघून हात जोडायची आणि सायकल रस्त्यावर घ्यायची. मी दारातून बघायची. जोड हात, म्हणायची मनात, जोड.

मग नागरिकांची सभा झाली, वाचनालयाच्या हॉलमध्ये. विषय पत्रिकेवर "मेन रोडवरील वाहतूक, पार्किंग व फुटपाथ" असा होता, पण विषय आप्पाच होते. सायकलवाले म्हणाले, रस्त्यावर उसाची ट्रॉली, फुटपाथवर आप्पा, आम्ही जायचं कुठून? दुकानदार म्हणाले, गिऱ्हाईकाने गाडी लावायची कुठे? एक बाई म्हणाल्या, माझी मुलगी त्या उजेडाला घाबरून शाळेला लांबच्या गल्लीने जाते. भाऊसाहेब मुळीक उठले आणि गरजले, "जित्ते होते तवा या मानसानं माझी गाडी लावू दिली न्हाई, आता मेल्यावरबी लावू दीना!"

सगळे हसले. हसणं संपल्यावर मुळीक मात्र खाली बसून नाक पुसायला लागले.

कुलथे म्हणाला, "आप्पांची एकट्यांची चाल काढता येत नाही. ती सगळ्या रस्त्याच्या शिकण्यात मिसळलीय, ताकात पाणी मिसळावं तशी. काढायचं तर मेन रोडची सगळी आठवण पुसावी लागेल. सगळ्याच आजीआजोबांच्या चाली जातील. पुन्हा सगळं बसवून शिकवायचं तर हंगाम संपेल. आणि बर्गेकाकूंची संमती लागेल." मग तो म्हणाला, "किंवा मग काका घरी पोचले, तर वाट आपोआप मिटेल. पण ते काही…"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

मी उठले. जंगमदादांचं बोट धरून म्हटलं, "यांची वाट अंधारात टाकायला माझी संमती नाही." टाळ्या पडल्या. काय थोर बाई, असंही कोणी म्हणालं असेल. जंगमदादांना मी फक्त पुढे केलं होतं. मला रोज सकाळी तो उजेड दारापर्यंत यायला हवा होता. मागच्या रांगेत वैजयंता मान खाली घालून बसली होती.

त्या आठवड्यातच ते घडलं. मी दारात उभी होते. उजेड कट्ट्याजवळ थांबला होता. वैजयंता खुंटापाशी आली, हात जोडले, सायकल रस्त्यावर घेतली. मागून सळसळ आली. मी ऐकली, तिने ऐकली नाही. बाहेर लोंबणाऱ्या उसाने तिचं हँडल धरलं आणि तिला ओढत नेलं. सायकल चाकाखाली गेली. वैजयंता अर्धी रस्त्यात, अर्धी गटाराच्या कडेला पडली.

मी अनवाणी धावले. तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा एक हात भलत्याच बाजूला वळला होता. आणि माझ्यामागे उजेड कट्ट्यावरून उठला आणि आरामात चालत पुढे गेला. लख्ख, मंद. लख्ख, मंद. त्याला थांबायचं कळत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या उजेडाची भीती वाटली. मग लाज वाटली, मग संताप आला. आणि तो संताप आप्पांवर होता.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. तिचा हात प्लास्टरमध्ये होता. मला बघून ती उठायला लागली.

"झोप गप," मी म्हटलं.

"काकू, तुमी आलात."

"आले. तू त्या वेळेला बाहेर पडतेसच का? जरा मागेपुढे नाही का निघता येत?"

"येतं की. पन आप्पांच्या वाटेवरनं मी पळून गेले असं नको वाटायला. त्यांना नमस्कार करते, मग जाते."

मग तीच म्हणाली, "तुमाला कवाच सांगायचं होतं. त्या दिवशी आप्पा सुदीत होते. माझ्या मांडीवर डोकं होतं. आमाला म्हनले, 'उचलू नका मला. मी चालत जानार. घरी चहा ठिवला असंल.' दोनदा म्हनले. आमी ऐकलं न्हाई. मीच म्हनले, रिक्षा आना. काकू, चालू द्यायला पायजे होतं का वो त्यांना?"

"नाही गं," मी म्हटलं. "ते हट्टीच होते." आणि तिच्या पांघरुणात तोंड घालून रडले. तेराव्यालाही इतकी रडले नव्हते.

घरी येताना डोक्यात एकच वाक्य होतं. मी चालत जाणार. कुलथेचं आठवलं: काका घरी पोचले तर.

तेराव्याला आम्ही भटजींना नव्या चपला, नवी छत्री, नवी काठी दिली होती. जुन्या चपला मात्र कॉटखाली होत्या. गेलेल्या माणसाच्या चपला घरात ठेवू नयेत म्हणतात. सासूबाई असत्या तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. मी त्या काढल्या. आत त्यांच्या बोटांचे खड्डे होते. कुलथेला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "चपला, चाल आणि वजन, तिन्ही जुळलं तर… त्याला कळायचं नाही, काकू. पण कोणालाच असं चालता येत नाही."

"चाळीस वर्षं कान लावून बसलेय मी," मी म्हटलं. "मला येतं."

वजनाचा प्रश्न होता. मी काही काडी नाही, पण आप्पा माझ्यापेक्षा भारी होते. सकाळी, रोजचा उजेड निघायच्या आधी, मी मुळिकांच्या दारात गेले आणि म्हटलं, "भाऊसाहेब, तुमचा तो दगड द्या."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. माझ्या पायातल्या चपला बघितल्या, दगड उचलला, धुतला, आणि आप्पांच्याच बाजाराच्या पिशवीत घालून टेलिफोन कचेरीपर्यंत स्वतः घेऊन आले. तिथे माझ्या खांद्याला अडकवला. "सावकाश जावा, वहिनी," म्हणाले आणि फुटपाथवरून खाली उतरून रस्त्याच्या कडेने चालायला लागले.

जिथे आप्पा पडले तिथे मी उभी राहिले. काठी टेकवली. उजवा पाय टाकला. ठक. डावा ओढला. सर्र.

फुटपाथ काळाच राहिला. मी कधी अर्जच केला नव्हता. मला कोण राखणार? पुन्हा पाऊल टाकलं. दगडाने खांदा ओढला, कंबर वाकली, गुडघ्यातून कळ आली आणि डावा पाय खरोखरच मागे राहायला लागला. तेव्हा मला कळलं की ते पाय ऐटीत ओढत नव्हते, त्यांना दुखत होतं. मी इतकी वर्षं त्यावर चहा ठेवत होते.

ठक. सर्र.

पुढचा ब्लॉक उजळला.

लांबवर खुंट वर आलेले दिसले. मी चालत राहिले. उजेड पुढे, मी मागे, आणि ऐकू येत होती ती चाल माझी नव्हती. ती माझ्या पायांतून येत होती, पण माझी नव्हती. मी मागे वळून बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

कट्ट्यापाशी उजेड थांबला. मला ओझ्याने दम लागला होता, शिवाय आप्पा इथे न बसता पुढे जाणं यंत्राला पटलं नसतं. कट्ट्यावर चौघे म्हातारे बसले होते. मधली एक जागा रिकामी होती. त्यांनी ती रोजच रिकामी ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं. मी बसले. जंगमदादांनी डोळे मिचकावत कान माझ्याकडे केला. ते चालीवरूनच माणसं ओळखतात.

"काय आप्पा," ते म्हणाले, "आज लय दिसानं."

बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जंगमदादांचा हात दाबला आणि उठले.

दार जवळ आलं. मुळिकांची ओसरी गेली. दारासमोरचा शेवटचा ब्लॉक उजळला आणि माझा पाय थांबला. यावर पाय ठेवला की संपलं. उद्यापासून कोणी येणार नव्हतं. पिशवी खाली टाकावी, साधं चालत आत जावं, उद्या आहेच पुन्हा उजेड, असं मनात आलं. अगदी स्पष्ट आलं.

समोर उताराजवळ वैजयंता उभी होती. हात गळ्यात, एका हाताने कोणाची तरी सायकल धरलेली. दवाखान्यातून सुटली होती बहुतेक. खुंट वर होते, म्हणून थांबली होती. तिच्या पाठीमागून ट्रॉल्या सळसळत जात होत्या, अगदी पदराला लागतील इतक्या जवळून.

मी पाय ठेवला. ठक. दुसरा ओढून घेतला. सर्र.

टेलिफोन कचेरीकडून ब्लॉक विझत आले. कट्टा विझला, मुळिकांचं दार विझलं, माझ्या पायाखालचा विझला. खुंट खाली बसले. वैजयंता सायकल हाताने ढकलत वर आली.

लांबून आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घालतात. मी पहाटेच तांब्या आणि भाकरीचा तुकडा उंबऱ्याशी ठेवला होता, पण ओवाळणार कोण याचा विचार केला नव्हता. तिने सायकल भिंतीला लावली, न विचारता तुकडा माझ्यावरून उतरून टाकला आणि चांगल्या हाताने त्या चपलांवर पाणी घातलं. मुळीक रस्त्यात उभे राहून दुसरीकडे बघत होते. दगड त्यांनी परत नेला नाही. तो आमच्याच दारात आहे.

वाट मिटली. आता त्या वेळेला सायकली फुटपाथवरून जातात, वैजयंता घंटी वाजवून जाते. नगरपालिकेत सायकलींसाठी वेगळी पट्टी आखायचं चाललंय. मुळिकांचा विरोध आहे.

चपला मी दुसऱ्याच दिवशी नदीत सोडल्या. फक्त दिव्याचं राहिलं. मी आत आले तेव्हा तो हिरवा झाला होता आणि अजून हिरवाच आहे. कुलथे काढून न्यायला आला होता. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला. यंत्राच्या हिशेबाने आप्पा त्या सकाळी घरी पोचले आणि त्यानंतर बाहेर पडलेले नाहीत.

हल्ली मी भाजीला निघाले की दाराला कुलूप घालण्याआधी आत डोकावते आणि सांगते, "येते हं."